उंद्रीच्या स्टुडिओतले लाल डोंगर

ही घटना माझ्या सख्ख्या मावशीच्या डोळ्यांसमोर घडली. विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. पण खरी आहे.

रात्र नव्हती. मागच्या एप्रिलमधला मंगळवार, भर दुपारचा दीड. ठिकाण उंद्री, शैलजामावशीचा नवा फोटो स्टुडिओ.

आसिफभाई जानेफळचे पेंटर. तीस वर्षं अमेरिकेतले डोंगर रंगवत आलेले. लाल कडे, कोरडी नदी, लांबवर एखादं लाकडी घर. कधी ढाब्याच्या भिंतीवर, कधी लग्नाच्या पडद्यावर. स्वतः अकोल्यापलीकडे गेले नव्हते. सगळं एका जुन्या कॅलेंडरवरून शिकलेले. पण त्यांनी रंगवलेलं ऊन पाहून माणूस डोळे बारीक करायचा.

मावशीला आख्खी खोली तशी हवी होती. चारही भिंती. फोटोत दार दिसायला नको, म्हणून दारही रंगवायचं. खोलीला खिडकी नव्हती. आसिफभाईंनी दाराची आतली मूठ काढली आणि शेवटचा हात मारला. फटसुद्धा दिसेना.

ते दोन पावलं मागे सरले. बघत राहिले.

लाइट गेली.

मोबाइलच्या उजेडात त्यांनी दार ढकललं.

भिंत होती.

थोडं डावीकडे... भिंत. उजवीकडे... भिंत. चारही बाजू चाचपून झाल्या. दाराचा रंग ओला होता, हाताला लागायला हवा होता. हात कोरडेच. बोटांना लागत होती ती... वाळू.

त्यांनी मावशीला फोन लावला.

"ताई, दार उघडा. मी आत अडकून राह्यलो."

मावशी धावत गेली. फोन कानालाच होता.

"आसिफभाई, मी दारातच उभी आहो. दार सताड उघडं हाये. आत तं कोणीच नाही."

फोन कटला.

मग वारा सुटला. त्या बंद खोलीत. आणि वाऱ्यात... खोकला. अगदी हातभर अंतरावर.

"मलेबी घेऊन चाल," कोणीतरी म्हणालं. "लय दिवस झाले."

तिकडे उजेड टाकायची हिंमत आसिफभाईंना झाली नाही. खिशातली पुट्टीची पट्टी काढून ते भिंत खरवडत सुटले. नखं फाटली. शेवटी लाकूड लागलं. खांद्यानं धडक दिली.

मावशी सांगते, साडेचार वाजले होते. सगळं गाव शोधून झालं होतं. रिकाम्या खोलीच्या उघड्या दारात ते एकदम उभे दिसले. अंगभर लाल धूळ. ते बाहेर आले, वळले, दार लोटलं आणि कडी घातली.

आता ते फक्त दुकानांच्या पाट्या रंगवतात. तेही रस्त्यावर बसून. त्या दिवसाबद्दल मावशीशी एकदाच बोलले.

"आवाजाचं भेव नाही, ताई. निघताना त्यानं माही बाही धरली होती. मी एकेक बोट सोडवलं अन् त्याले आत ठेवून कडी लावली. बोटं गरम होती... जित्या माणसाची."

मावशीनं ती खोली अजून उघडलेली नाही.

उघड असं मीही म्हणत नाही.