बापूरावांच्या नावाआधी दोन जाळ्या

“हरिदासला बोलवा. आत्ताच्या आत्ता!”

केळझरकर साहेबांचा आवाज एसीची घरघर कापत थेट व्हरांड्यात आला आणि टाइपरायटरवर बसलेल्या सत्यशीलेची ओळ वाकडी झाली. हरिदास म्हणजे तिचे बाबा, रात्रपाळीचे चौकीदार. दिवसा त्यांना झोपेतून कोणी उठवत नसे. आज उठवत होते, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर घडलं होतं.

सन १९८८, मे महिना. ऊर्जानगर मागं टाकून मोहर्लीच्या रस्त्याला लागलं की सागाच्या झाडीत एक बैठी इमारत होती, वन्यप्राणी नोंद केंद्र. कोणती वाघीण कुठल्या पाण्यावर येते, तिची पिल्लं किती, पंजा केवढा, हे सगळं तिथल्या कॉम्प्युटरात भरलं जाई. मशीन एक, पण हिरव्या अक्षरांचे पडदे तीन. चपला बाहेर काढूनच आत जायचं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तेवढी एकच खोली थंडगार, त्यामुळे जो तो काहीतरी निमित्त काढून तिथं घुसायचा. दहावीच्या निकालाची वाट बघणारी सत्यशीलाही त्यातलीच. टायपिस्ट गुलाबताई तिला आधी टाइपरायटरवर आणि साहेबांचं लक्ष नसलं की कॉम्प्युटरवर शिकवायची.

त्या खोलीत एका खुर्चीवर मात्र कोणी बसत नसे. खिडकीजवळची, बापूरावांची. जंगलातल्या साऱ्या नोंदी तेच आणायचे. गेल्या पावसाळ्यात तापानं गेले. त्यांचा खांद्यावरचा दुपट्टा अजून खुर्चीच्या पाठीवर होता आणि त्यांचं नाव अजून मशीनमध्ये होतं. ते पुसायला साहेबांचा हात धजला नव्हता. एसी बंद झाला की कधीकधी ती खुर्ची करकरायची. लाकूड आहे, तापतं, निवतं, असं सगळे म्हणायचे. पण म्हणताना कोणी तिच्याकडं बघायचं नाही.

बाबा डोळे चोळत आले. सत्यशीला त्यांच्यामागून हळूच आत सरकली.

“सोमवारी पहाटे चारला तू कुठं होतास?” साहेबांनी विचारलं.

“इथीच, साहेब. पायरीवर.”

“या खोलीची किल्ली?”

“कमरेले.”

“आत कोण गेलं होतं?”

बाबांनी उत्तराला जरा वेळ लावला. “मानूस कोनी नाई गेला, साहेब.”

“मग हे काय?”

साहेबांनी प्रिंटरच्या कागदाची फाडलेली पट्टी पुढं धरली. मशीननं कोणाला आत घेतलं नाही, की प्रिंटर टकटक करून ते नाव आणि वेळ छापत असे. पट्टीवर वेळ होती सोमवार, पहाटे चार. आणि नाव होतं, आधी इंग्रजी जी, मग यू, मग दोन जाळ्या आणि त्यांना चिकटून बापूराव.

जाळी म्हणजे कीबोर्डवरची ती दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची खूण. केंद्रात सगळे तिला जाळीच म्हणत.

“पहिल्यांदा जमलं नाही,” साहेब म्हणाले. “दुसऱ्यांदा बापूरावांचं नाव आणि पासवर्ड दोन्ही बरोबर पडले. त्यांची मंगलीची फाईल उघडली गेली. आज सकाळी मंगलीच्या डोहावर लोखंडी सापळा सापडलाय. त्यात केस आहेत, रक्त आहे. वाघीण नाही, पिल्लंही नाहीत. तो डोह त्या फाईलशिवाय कुठंही लिहिलेला नव्हता, हरिदास!”

 मंगली ही बापूरावांची लाडकी वाघीण. तिचं नाव त्यांनीच ठेवलेलं.

“जी, यू,” गुणवंतराव पुटपुटले. ते नोंदींचे सहायक, केंद्रातले सर्वांत जुने. “गु, गु. घुबडासारखं. साहेब, बापूराव अस्वस्थ हाये. मी रोज साडेनवाले येतो, हरिदासपासून किल्ली घेतो, त्याच्या खुर्चीले उदबत्ती लावतो. तरी त्याले शांती नाई.”

“काका, ती उदबत्ती बंद करा ना,” नईमभाऊ म्हणाले. “धुरानं डिस्क खराब होते, किती वेळा सांगू?” नईमभाऊ नागपूरचे इंजिनियर. शनिवार-रविवारी त्यांनीच मशीनवर नवी सिस्टीम टाकली होती.

“भूतबीत मी मानत नाही,” साहेब म्हणाले. “रात्री किल्ली एकाच माणसाकडं असते. हरिदास, तू कोणाला तरी आत सोडलंस. दुपारी वनाधिकारी येतायत, त्यांना काय ते सांग. आणि क्वार्टर रिकामं करायच्या तयारीला लाग.”

 बाबांनी फक्त एकदा खिडकीजवळच्या खुर्चीकडं पाहिलं.

सत्यशीलेनं मनात हिशेब मांडला. क्वार्टर गेलं म्हणजे घर गेलं, अकरावी गेली. आणि बाबांच्या नावाला वाघिणीचं रक्त लागणार. बाबांच्या! जे रात्री साप निघाला तरी काठी न मारता त्याला वाट देतात!

रडावं, की डोकं चालवावं? तिनं डोकं चालवायचं ठरवलं. रडायला संध्याकाळ होतीच.

“ताई,” व्हरांड्यात येऊन तिनं गुलाबताईला गाठलं, “सोमवारी तुम्हा सगळ्यांलेच मशीन हाकलून देत होतं ना?”

“हाव ना बाई! जो तो बोंबलून राह्यला होता. लॉगिन इनकरेक्ट, लॉगिन इनकरेक्ट! नईमभाऊले सापडता सापडता जेवायची वेळ झाली. जुन्या सिस्टीमवर चूक झाली की काय करायचं, शिकवलं होतं मी तुले?”

“एक चूक, एक जाळी.”

“बरोबर. जाळी मारली की मागचं अक्षर गेलं. नव्या सिस्टीमले ते समजतच नाई. तिले मागं जायचं वेगळं बटन पाहिजे. जाळी मारली तर ती नावातच धरते. आमची बोटं जुन्या सवयीची, मग का होते?”

सत्यशीला उठून उभीच राहिली. “म्हणजे घुबडबिबड काही नाई! कोणीतरी आधी जी-यू मारलं, चुकलं म्हणून दोन जाळ्या मारून ते पुसलं आणि मग बापूरावकाकाचं नाव लिहिलं. पण ताई, बापूराव लिहायचं असताना हात जी-यू वर काऊन जाईल?”

“काऊन म्हणजे? रोज सकाळी आपलंच नाव मारायची सवय. मीच नाही का परवा साहेबाचं नाव मारताना आधी माझं...”

गुलाबताई मध्येच थांबली. 

गुलाब. जी, यू.

“माय वो! सत्ये, मी नाई हां! पहाटे चारले मी घरी झोपून होती!”

“अन् गुणवंतकाका? त्यांचंही जी-यूच.”

“तेही झोपूनच असन ना. पहाटे चारले कोण येते जंगलात?”

खरंच, कोण येतं? किल्ली बाबांच्या कमरेला. बाबांना तर कीबोर्डवर स्वतःचं नावही लिहिता येत नाही, आणि त्यांचं नाव एच वरून. सत्यशीलेला वाटलं, आपण भिंतीशी येऊन थांबलो. आणि भिंतीपलीकडं खरंच कोणीतरी आहे, दुपट्टा पांघरून बसलेलं.

“चाल आत,” गुलाबताई म्हणाली. “मले आजच्या नोंदी भराच्या आहेत. बसून राहून का होते?”

गुलाबताईनं नाव मारलं, पासवर्ड मारला. नव्या सिस्टीमनं नेहमीप्रमाणे तिची मागची भेट कधीची ते एका ओळीत दाखवलं. गुलाबताईनं एंटर मारलाही असता, पण सत्यशीलेनं तिचा हात धरला.

“ताई! तू काल पहाटे पाचले इथी आली होतीस?”

“पागल झाली का? पहाटे पाचले मी नळावर होती.”

“पण हे पाहा ना, हे पडद्यावर!”

“ते कोण वाचते? मी एंटर मारून मोकळी होते.”

“मग काल तू किती वाजता बसली मशीनवर?”

“रोजच्यासारखी. बस आली, पाणी प्याली, साडेदहाले बसली.”

पाच आणि साडेदहा. सत्यशीलेनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. मग ती इतक्या जोरात ओरडली, की बापूरावांची खुर्ची करकरली. शपथ!

“भूगोल! ताई, भूगोल!”

शेजारच्या साहेबांच्या खोलीत ती अनवाणीच शिरली. सगळे तिथंच होते. वनाधिकाऱ्यांची जीप यायची होती आणि बाबा कोपऱ्यात उभे होते.

“साहेब, बाबा निर्दोष हायेत. मले बोलू द्या. तुम्ही म्हणता ना भूत नाई? मीही तेच सांगते. पण ते रात्रीही आलं नव्हतं. दिवसा आलं होतं!”

“सत्या, गप,” बाबा म्हणाले.

“बोलू द्या तिला,” साहेब म्हणाले.

“नईमभाऊ, तुमच्या घड्याळात किती वाजले?”

“बाराला दहा कमी.”

“आता मशीनमध्ये एकदा आत जा, बाहेर पडा, मग लगेच पुन्हा आत या. अन् दुसऱ्यांदा पडदा मागच्या भेटीची कोणती वेळ दाखवते ते वाचा.”

नईमभाऊ उठून शेजारच्या मशीनच्या खोलीत गेले. चार-दोन बटनं वाजली. मग तिथूनच त्यांचा आवाज आला. “या अल्ला! सहा वीस?”

“साडेपाच तासांचा फरक,” सत्यशीला म्हणाली.   “भारताची वेळ ग्रीनिचच्या पुढं साडेपाच तास. मार्चमध्येच पेपरात लिहिलं मी. मशीन लंडनची वेळ सांगून राह्यलं!”

नईमभाऊ कपाळाला हात लावून दारात आले. “घड्याळ मीच लावलं होतं, सर. आत गेल्यावर बरोबरच दिसते. पण दारावर नाव विचारणारा जो भाग आहे, त्याला आपली वेळ सांगायची राहून गेली. प्रिंटरचा कागदही तोच छापतो. माझी चूक आहे.”

“म्हणजे पहाटेचे चार...” साहेब बोलता बोलता थांबले.

“सकाळचे साडेनऊ,” सत्यशीलेनं वाक्य पुरं केलं.

 मग हळूहळू सगळे एकाच माणसाकडं पाहू लागले.

“साडेनवाले बाबा किल्ली देऊन घरी गेलेले असतात,” सत्यशीला म्हणाली. “किल्ली ज्याच्याकडं असते, तो एकटाच आत असतो. उदबत्ती लावून. जुन्या सवयीनं त्याच्या बोटांनी आधी स्वतःचं नाव सुरू केलं, दोन अक्षरांत ध्यानात आलं. दोन जाळ्या मारल्या. जुन्या मशीनवर कोणाले कळलंही नसतं. पण सोमवारची सकाळ नव्या सिस्टीमची पहिलीच होती, काका. जाळी आता पुसत नाई हे तोपर्यंत कोणालेच माहीत नव्हतं.”

गुणवंतराव हसले. ओठ तेवढे हलले. “जी-यू गुलाबचंही हाये.”

“सोमवारी बस पंक्चर झाली होती,” साहेब सावकाश म्हणाले. “गुलाब अकराला आली. मीच रागावलो होतो तिला.”

“अन् पासवर्ड? मले कुठून माहीत?”

यावर उत्तर गुलाबताईनं दिलं. “बापूरावभाऊ दोन बोटांनी टायपिंग करत. अक्षर सापडलं की मोठ्यानं म्हणत. एम, ए, एन... साऱ्या खोलीले ऐकू जाई. मंगली. तुमची खुर्ची तर त्यांच्या खुर्चीले लागून होती, काका.”

गुणवंतराव खाली बसले. खुर्ची बघून नाही, होते तिथंच, जमिनीवर.

“पोराले आरागिरणीवर चिकटवून देतो म्हने एक पाहुना,” ते म्हणाले. “तीन वर्षं झाली, पोरगा घरी बसून हाये. वाघीण कुठी पाणी पिते एवढंच सांग म्हने. फोटो काढाचा हाये म्हने.”

“फोटोले सापळा लागते का?” बाबांनी विचारलं. 

“मले सापळ्याचं नव्हतं माहीत, हरिदासभाऊ. पण तुझ्यावर आलं तेव्हा मी गप्प राह्यलो. ते मले माहीत होतं.” गुणवंतरावांनी दुपट्ट्याच्या दिशेनं हात जोडले. “उदबत्ती त्याच्यासाठी नव्हती लावत मी. भेव वाटे, म्हणून लावत होतो.”

जीप आली. गुणवंतराव तीत बसून गेले. त्या पाहुण्याचं नाव त्यांनी रस्त्यातच सांगितलं. संध्याकाळी मोहर्लीचा वनरक्षक लालसू सायकल मारत आला. दुसऱ्या एका झऱ्यावर पंजे दिसले होते. एक पाय ओढलेला, पण मंगलीचेच. आणि मागोमाग पिल्लांचे, सगळ्या पिल्लांचे. सत्यशीला व्हरांड्यात अक्षरशः नाचली.

साहेबांनी बाबांची सर्वांसमोर माफी मागितली. मग नईमभाऊंना म्हणाले, “बापूरावांचं नाव आज पुसून टाका. उशीरच झाला.”

बाबांनी मान हलवली. त्यांनाही ते पटलं होतं.

ऊन उतरलं. बाबा रात्रपाळीवर निघाले, तेव्हा सत्यशीला डबा घेऊन फाटकापर्यंत गेली.

“बाबा, साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही थांबले काऊन होते? मले तर वाटलं, तुम्ही काहीतरी लपवून राह्यले.”

“लपवलं नाई. मानूस कोनी आला नाई म्हटलं. खरंच सांगितलं.”

“मग थांबले काऊन?”

बाबांनी कंदिलाची काच पुसली. झाडीत कुठंतरी रातवा पक्षी बोलला.

“त्याईनं विचारलं, आत कोन गेलं. जाते, पन मशीनवर बसत नाई, सत्या. बापूरावभाऊले त्या डब्ब्याचा जिंदगीभर कंटाळा. ते येते ना, ते खिडकीपाशी बसते. जंगलाकडं तोंड करून.”

आणि कंदील उचलून ते चालायला लागले.