तिसरा शह

मांजरसुंब्याच्या फाट्यावर केजची बस यायला तयार नव्हती आणि मोबाईलवरच्या डावात माझी अवस्था बिकट होती. तेवढ्यात मानेमागून आवाज आला, "तो घोडा मागं घ्या. मरतोय."

मी न बघताच म्हणाले, "तुमच्या घरचा हाय का?"

"न्हाई. पण जीव तुटतोय."

मग वळून बघितलं. पावसाची भुरभुर चालली होती आणि टपरीच्या पत्र्याखाली अंग चोरून एक लांबट मुलगा उभा होता. हातात चहाचा पेला, आणि नजर माझ्याकडे नाहीच... पटावर. मला राग आला तो याचाच. इतकी काही मी बघू नये अशी नाही.

घोडा मी मागे घेतला नाही. तो मेला, मागोमाग डावही गेला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"ऐकलं असतं तर तुमी दिवसभर मिरवलं असतं. आता दोघंबी हरलो. बरं वाटतंय."

तो हसला. बस आली, भरली, निघूनही गेली. मी चढले नाही.

त्याचं नाव सत्यम, गेवराईकडचा. नाव ऐकून मला ठसकाच लागला. तीन-तीन मिनिटांच्या ऑनलाइन डावांत भलेभले ज्याला टरकून असायचे, तो हाच.

"मी रोहिणी. नांदूरघाटची."

"माहीत हाय. मागच्या साली तुमी मला हरवलंय."

"मग मला घोड्याचं कावून सांगत होता?"

त्यानं पेला उगाच फिरवला. "बोलायला दुसरं काय सुचंना."

त्यानंतर आम्ही कपिलधारला भेटू लागलो. धबधब्याचे तुषार पायऱ्यांपर्यंत यायचे, तो ओढणीच्या टोकानं मोबाईल पुसायचा — माझ्याच ओढणीच्या, न विचारता. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तो कुणाशी तरी डाव खेळायचा आणि मी खांद्याला खांदा लावून बघायचे. खरं सांगायचं तर पट कमी आणि त्याचा अंगठाच जास्त.

म्हणून मला ते दिसलं. वेळ संपत आली की सत्यम समोरच्याची चाल येण्याआधीच आपली चाल लावून ठेवायचा. ऑनलाइन खेळात तशी सोय असते. समोरचा खेळला की आपली चाल आपोआप होते, क्षणही खर्च होत नाही. फक्त एक, समोरच्यानं भलतंच काही केलं तरी लावलेली चाल होतेच.

"एक दिवस फसशील," मी म्हणाले.

"तुझ्याशिवाय कुणाला माहीत हाय?"

तो हे असं म्हणाला, की मी धबधब्याकडे बघायला लागले.

त्याच्या घरी वेगळाच डाव मांडलेला होता. वडील अर्जुनराव, त्याचे आबा, म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. त्यांना मुलगा निवडणुकीला उभा हवा होता आणि सून राजकारणातले सोबती विजयसिंह यांच्या घरची. सत्यमनं कशीबशी त्यांच्याकडून एक संधी मागून घेतली. देशातल्या निवडक सोळा जणांची बाद फेरीची स्पर्धा होती, ऑनलाइन. त्यात शेवटच्या चौघांत आला तर पुढं बुद्धिबळ, आणि लग्नही त्याच्या मर्जीचं. नाही आला तर बुद्धिबळ बंद, आबा म्हणतील ते.

"आन् तुझी मर्जी काय?" मी विचारलं होतं.

"जिंकल्यावर सांगतो."

त्या सोळांत मीही होते. पहिली फेरी दोघांनी जिंकली, आणि दुसऱ्या फेरीत समोरासमोर आलो.

त्याचा फोन आला. "रोहिणी, माझ्यासाठी डाव सोडू नकोस. मला कळंल. मग तुझ्याकडं बघू शकणार न्हाई."

"न्हाई सोडणार," मी म्हणाले.

दुपारी माडीवरच्या खोलीत बसले. दोन कॅमेरे, एक समोर, एक पाठीशी. खोलीत दुसरं माणूस दिसलं तरी बाद, म्हणून आई दाराबाहेर जिन्यावर बसून होती. चार डावांनंतर दोन-दोन गुण. मग निर्णायक डाव. मला पांढऱ्या सोंगट्या आणि जास्त वेळ. त्याला काळ्या आणि कमी वेळ, पण बरोबरी झाली तरी तोच पुढे जाणार.

शेवटी माझ्याकडे वजीर उरला. त्याच्याकडे हत्ती, आणि हत्तीला राखत शेजारी उभा राजा, प्याद्यांच्या आडोशाला. मी शह दिला, त्याचा राजा बाजूला सरकला. माझा वजीर वेगळ्या घरात हटला, राजा परतला. दुसरा शह, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तीच स्थिती आली की बरोबरी. म्हणजे तो शेवटच्या चौघांत. म्हणजे आम्ही...

मला फक्त तिसरा शह द्यायचा होता. जगातल्या कुणाही शहाण्या खेळाडूनं तोच दिला असता. मी त्याच्यासाठी डाव सोडला असं तोसुद्धा म्हणाला नसता.

पण त्याच्या घड्याळात चार सेकंद उरले होते आणि मला त्याचा अंगठा दिसला. पडद्यावर नाही, मनात. राजा बाजूला घ्यायची चाल त्यानं लावून ठेवली असणार, शह येणारच हे धरून. शह आलाच नाही तरी राजा हलेल, आणि हत्ती उघडा पडेल.

मी शह दिला नाही. वजीर नुसता हत्तीवर रोखला.

राजा आपोआप सरकला. मी हत्ती घेतला. त्याची वेळ संपेपर्यंत पटावर काहीही हललं नाही.

फोन मीच केला.

"दिसलं तुला," तो म्हणाला.

"दिसलं."

"शह दिला असतास तर..."

"माहीत हाय रे."

"मग कावून?"

"दिसल्यावर न खेळणं मला जमत न्हाई, सत्यम."

"मलाबी जमलं नसतं. म्हणून तर लई आवडतेस."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हणाला, आणि त्याचा काही उपयोग उरला नव्हता तेव्हा म्हणाला.

"आबांना सांग ना. आणखी एक स्पर्धा म्हणावं..."

"शब्द दिलाय त्यांना." मग अगदी हळू, "एक सांग. तोच पट परत मांडला, तर देशील शह?"

मला हो म्हणायचं होतं. आई शपथ, जिभेवर आलं होतं. एवढं म्हटलं असतं तर कदाचित तो आबांपुढं उभा राहिला असता, भांडला असता. मी डोळे मिटले. पट दिसला, हत्ती दिसला, मोकळा.

"न्हाई," मी म्हणाले.

"खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं गं," तो म्हणाला. "ठेवतो."

त्यानंतर त्याचा फोन बंद लागायला लागला.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरी मी जिंकले. हात आपोआप चालत होते. आईनं गल्लीभर पेढे वाटले आणि शेवटचा माझ्या तोंडात घातला. तो तसाच राहिला, गिळवेना. डोळे भरून आलेले बघून शेजारच्या विमलबाई म्हणाल्या, "आनंदानं घसा दाटला पोरीचा."

आईनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दाटणारच की. जिंकली ना माझी बाय."