सूचनेची रिकामी जागा

हे मी रचून सांगत नाहीये. ज्याला पटत नसेल त्याने इथंच थांबावं, नंतर माझं डोकं खाऊ नये.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भरदुपारची आहे. सप्टेंबर २०१४, अमरावती, राजकमल चौकाजवळच्या एका इमारतीचा तिसरा मजला. खाली ऑटोवाल्यांचा गोंगाट चालू होता.

मी नाजिया, परतवाड्याची. एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. गावोगावच्या कृषी केंद्रांसाठी आम्ही एक वेबसाइट बनवली होती. शेतकऱ्याने दुकानातल्या कॉम्प्युटरवर औषधाचं नाव टाकायचं. पानावर यायचं, औषध किती, पाणी किती, आणि खाली फवारणीची सूचना.

वेबसाइट जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत, स्प्रिंग नावाच्या चौकटीवर होती आणि पानं तयार करायला फ्रीमार्कर. सोपं सांगते. पानाचा एक साचा असतो. त्यात जागा सोडलेल्या असतात. जावाकडून माहिती येते आणि त्या जागांवर जाऊन बसते. माहिती आली नाही तर फ्रीमार्कर गप्प बसत नाही. पान तिथंच फोडतो आणि चूक दाखवतो.

मला त्याची हीच गोष्ट आवडायची.

आमचे मालक ढोमणे सर, त्यांना नाही आवडली. एका दुकानदारासमोर पान फुटलं आणि यांची इज्जत गेली.

"सगळ्या जागांना उद्गारचिन्ह लावून टाका," ते म्हणाले.

ते चिन्ह लावलं की माहिती नसली तरी फ्रीमार्कर बोलत नाही. मुकाट जागा रिकामी सोडतो.

मी भांडले. "सर, सूचनाच रिकामी गेली तर? फुटू द्या ना पान! दुकानदार निदान फोन तरी करेल."

"तू जास्त शहाणपणा करू नको."

माझा सहकारी किशोर वरूडचा. त्याने हुकमाप्रमाणे चिन्हं लावली. बिचाऱ्याला नोकरी टिकवायची होती.

आणि एका नव्या, जहाल औषधाची सूचना भरायचीच राहून गेली. पान फुटलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. फुटलं नाही. छान, स्वच्छ दिसत राहिलं.

मोर्शीकडच्या गोवर्धन नावाच्या शेतकऱ्याने ते पान वाचलं आणि संत्र्यावर फवारणी केली. तोंडाला काही न बांधता, वाऱ्याकडे तोंड करून. दवाखान्यात पोचेपर्यंत संपला.

गावात लोक बोलायला लागले. पान पाहिलं तरी यानं सूचना पाळली नाही, स्वतःच्या हातानं मेला. त्याची बायको सीमा, तिला हे सहन होईना. तिने फोन केला, "मले ते पान पाह्यचं हाये."

ढोमणे सरांनी काय केलं माहीत आहे? सकाळीच सूचना भरून घेतली आणि वर आम्हाला दम दिला. "सूचना पहिल्यापासून होती. समजलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा दोष मेलेल्या माणसाच्या माथी मारायला निघाला होता हा!

दुपारी सीमा आली. खुर्चीच्या टोकावर बसली.

"मायं मानूस वाचल्याबिगर काई करे नाई," ती म्हणाली. "थ्यानं वाचलं नसन, असं होऊच शकत नाई."

"बघा ना, इथं लिहिलेलंच आहे." सरांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

औषध होतं. पाणी होतं.

सूचनेची जागा...

रिकामी.

सरांनी पान पुन्हा उघडलं. रिकामी.

"किशोर!"

किशोरने डेटाबेस पाहिला. सूचना होती. जावाकडून साच्यापर्यंत ती पोचतही होती. मग त्याने सूचना सरळ साच्यातच टाइप केली. त्यात भरायला जागाच ठेवली नाही. नुसती अक्षरं. सर्व्हर बंद करून चालू केला.

तरीही तिथं काहीच नव्हतं.

"असं होतच नाई," किशोर पुटपुटला.

तेव्हाच तो आवाज आला...

खट्ट... फुस्स...

पाठीवरच्या फवारणी पंपाचा दांडा मारल्यावर येतो, तोच. वावरात वाढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. आवाज ढोमणे सरांच्या खुर्चीमागून येत होता.

तिथं नुसती भिंत होती.

मग वास. औषधाचा, घशात बसणारा. खिडकी उघडी होती, तरी वाढतच गेला.

"ही स्क्रीन अंधुक काय झाली?" सर डोळे चोळायला लागले. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायला लागली... शर्टावर पडली, तरी त्यांना कळेना.

सीमा ताडकन उभी राहिली. चेहरा पांढराफट्ट.

"थ्यायचंबी असंच झालतं. पयले डोये गेले. मंग लाय सुटली."

खट्ट... फुस्स...

"अवो, बस करा!" ती भिंतीकडे पाहून ओरडली. "बस झालं आता!"

थांबलं नाही.

मला राहवलं नाही. "ताई, सूचना नव्हती! तुमच्या माणसाने पान पाहिलं तेव्हा तिथं काहीच नव्हतं!"

तरी थांबलं नाही. उलट जवळ आलं.

मी सरांची कॉलर धरली. हो, धरली! "बोला! तुमच्या तोंडानं बोला!"

"नव्हती..." सर कसेबसे म्हणाले. "सूचना... लिहिलेली नव्हती."

आवाज थांबला.

कोणी हातही लावला नाही, तरी स्क्रीनवर सूचना उमटली. नाकातोंडाला कापड बांधा. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.

सीमाने बोट ठेवत ती शेवटपर्यंत वाचली. मोठ्यानं, एकेक शब्द.

"येवढंच लिवाचं होतं ना?" ती म्हणाली. "येवढ्यासाठी गेलं मायं मानूस?"

ती पदर तोंडाला लावून रडली, आणि मग निघून गेली. मी आणि किशोरने तिच्या गावात जाऊन चारचौघांत खरं काय ते सांगितलं.

आणि ढोमणे सर? दुसऱ्या दिवशी डोळे कोरडे, कपडे कडक इस्त्रीचे. "एसीचा गॅस गळला होता. मी काही बोललो नाही. सूचना पहिल्यापासून होती." असा निर्लज्ज माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

मी राजीनामा टेबलावर आपटला आणि वळले.

"नाजिया..." मागून त्यांचा आवाज आला. घाबरलेला, बारीक. "तुला वास येतोय का गं?"

मी मागे पाहिलं. ते डोळे चोळत होते.

"नाही," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

येत होता. चांगला घशात बसत होता.

आणि त्या बंद दाराआड कोणीतरी सावकाश दांडा मारायला सुरुवात केली होती...