डुगडुगणारा बाक

पहिल्याच भेटीत तिने त्याला सुतार समजून कामाला लावलं होतं. वर्गाच्या दारात बाह्या दुमडून उभा असलेला माणूस पाहून ती, म्हणजे गणिताच्या बाई, म्हणाली, "बरं झालं आलात. तो शेवटचा बाक डुगडुगतोय, तेवढा आधी बघा." त्यानेही निमूटपणे गुडघे टेकून बाकाच्या पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली तेव्हा तिला कुठे तोंड लपवू असं झालं. घसरत चाललेल्या या शाळेवर कोणता उपाय लागू पडतोय ते तपासायला वरून आलेले निरीक्षक होते ते.

उपाय तरी किती झाले होते... मुख्याध्यापक बदलून झाले, जादा तास झाले, भिंतींना नवा रंगही देऊन झाला. निकाल काही हलेना. आता सगळे शिक्षकच एकदम बदलणार, अशी कुजबुज होती. पण खरं सांगायचं तर तिची झोप त्या बदलीने उडवली नव्हती. ती उडवली होती विज्ञानाच्या नव्या बाईंनी.

तो निरीक्षक रोज विज्ञानाच्या तासाला मागे जाऊन बसे. गणिताच्या वर्गाकडे मात्र फिरकत नसे. तिथे त्याच्या वरिष्ठ मॅडम यायच्या आणि चष्म्यावरून तिला नुसत्या निरखत राहायच्या.

वर कहर म्हणजे विज्ञानाच्या त्या पोरीला वर्ग कसा सांभाळायचा हे हिनेच शिकवलं होतं. एकमेकींच्या तासाला बसायचं, चुका सांगायच्या, हा उपायही हिचाच. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"ताई, आज पण सर हसले माझ्या तासाला," पोर स्टाफरूममध्ये म्हणाली.

"हसण्यासारखं शिकवलं असशील."

पोरीचा चेहरा उतरला. हिलाही वाईट वाटलं, पण जीव जळत होता त्याला काय करणार?

शाळा सुटली. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता.

"विज्ञान संपलं वाटतं," ती न थांबता म्हणाली.

"तुम्ही रागावलात?"

"मी कशाला रागावू? माझ्या वर्गात बघण्यासारखं काही नसेल, म्हणून येत नसाल."

"आमच्यात एक नियम आहे," तो हळूच म्हणाला. "ज्या माणसात आपला जीव गुंतलाय — त्याचा वर्ग आपण तपासायचा नाही. पहिल्याच दिवशी मी मॅडमना सांगितलं, गणित तुम्ही बघा. त्यांनी कारण विचारलं... तेही सांगून टाकलं."

ती पायरीवरच थबकली. "म्हणून त्या मला तसं निरखत होत्या?"

"म्हणूनच."

"आणि विज्ञानाच्या तासाला हसू कसलं येत होतं?"

"विज्ञानाच्या बाई मुलांना म्हणतात, 'चुकू दे, डस्टर कशाला आहे?' अगदी तुमच्या सुरात. तुमचा आवाज जिन्यापर्यंत येतो... तिथेही मला तुम्हीच ऐकू येता, म्हणून शेवटी आज तोही वर्ग मॅडमना देऊन टाकला."

"मग तुम्हाला पगार कशाचा मिळतो?" ती म्हणाली, आणि ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिने कसंबसं दाबलं. "आम्हाला सगळ्यांना बदलणार का?"

"ते मॅडम ठरवतील. माझं मत त्या विचारणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे."

तिला ते आवडलं. गोड बोलून धीर दिला असता, तर इतकं आवडलं नसतं. उद्या आधी त्या पोरीला गाठायचं, तिचं मनापासून कौतुक करायचं, हेही तिने मनात पक्कं केलं.

"म्हणजे माझ्या वर्गात तुम्ही कधीच येणार नाही."

"निरीक्षक म्हणून... नाही."

तिने त्याच्या दुमडलेल्या बाह्यांकडे पाहिलं. "तो बाक परत डुगडुगायला लागलाय. कुणी सुतार आहे का ओळखीत?"

"आहे एक. पण तो आला की जायचं नाव घेत नाही."

तिने छत्री उघडली आणि त्याला जागा होईल इतकी बाजूला सरकली.

"पुठ्ठा मी आणते," ती म्हणाली.