बाल्कनीत सदतीस अंश

ही कुणाच्या मित्राच्या मित्राची गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या घरी घडलंय आणि मी तिथे होते. खोटं सांगून मला मिळणार काय? उलट ऑफिसात हसंच होईल.

ह्याच जानेवारीतली गोष्ट. पूर्व फिनलंडमधलं योएनसू गाव. दुपारचे तीन वाजले होते, पण आमच्याकडे त्या दिवसांत तिनालाच काळोख पडतो. बाहेर उणे सव्वीस.

आर्तूचा फोन आला.

"ताई, मशीन परत रडतंय. येतेस का?"

आमच्या घरात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की माझ्याच नावाचा पुकारा होतो. हा तर गेमिंगचा, सुटे भाग आणून आम्ही दोघांनीच जोडलेला. म्हणून शिव्या घालत का होईना, गेले.

खरं सांगायचं तर मला मशीनची नाही, आर्तूची काळजी होती. बाबा गेल्यापासून तो घराबाहेर पडेना. नोकरी सोडली. बोलायचा फक्त गेममधल्या चार पोरांशी, तेही कानाला हेडफोन लावून. त्या चौघांनीही आता सुनावलं होतं... आज संध्याकाळच्या सामन्यात मशीन अडकलं, तर आम्ही दुसरा गडी घेऊ.

तेही तुटले तर माझा भाऊ जगात कुणाशीच बोलणार नव्हता.

"कुठे ठेवलायस?" मी बूट काढत विचारलं.

"बाल्कनीत. थंडी फुकट आहे, ताई. पंख्यांवर पैसे कशाला घालवू?"

हिवाळ्यात हा शहाणपणा आमच्याकडे बरेच जण करतात. बाल्कनीला चौफेर काचा, दाराच्या चौकटीला भोक पाडून वायरी आत घेतलेल्या. स्क्रीन आत, डबा बाहेर.

मी रॅम बदलून पाहिली. पॉवर सप्लाय बदलला. थोडा वेळ गेम लोण्यासारखा चालायचा... मग चित्र अडकायचं, सुटायचं, परत अडकायचं.

मी आकडे उघडले.

प्रोसेसर पूर्ण ताकदीने कामात होता. काम कोणतं? काहीच नाही. चालू कामांची यादी रिकामी.

आणि तापमान... सदतीस.

गेम बंद केला. सदतीस.

बाल्कनीची बाहेरची काच सरकवली, वारा थेट डब्यावर येऊ दिला. तरी सदतीस. एक अंशही इकडेतिकडे नाही.

मशीन आपली सगळी ताकद फक्त ऊब तयार करण्यात घालवत होतं. गेमसाठी काही उरतच नव्हतं.

"सेन्सर गंडलाय," मी म्हणाले. कोट चढवला आणि बाहेर गेले.

डब्यावर सगळीकडे हिमाचा पांढरा थर बसला होता. फक्त एका बाजूला... पाठ टेकून कुणी बसलं तर जेवढी जागा लागेल तेवढा पत्रा स्वच्छ, कोरडा होता.

मी हात लावला. ऊबदार होता, माणसाच्या अंगाइतका.

आणि तेवढ्यात आवाज आला.

कट्... कट्कट्... कट्कट्कट्...

"हार्डडिस्क वाजतेय तुझी," मी म्हणाले.

आर्तू दारात उभा होता. "ह्यात ती फिरणारी हार्डडिस्क नाहीये, ताई. तूच नको म्हणालीस. आवाज करते म्हणून."

खरंच की. ह्या डब्यात पंखे सोडले तर हलणारं काहीच नव्हतं.

कट्कट्कट्...

तोवर गारठ्याने माझेही दात वाजायला लागले होते. तेव्हा मला कळलं, तो आवाज कसला आहे.

दोघांनी मिळून डबा उचलला आणि आत टेबलावर आणला.

आत आल्यावर मशीन अगदी शहाण्यासारखं वागलं. सामना सुरू झाला. मी कॉफी घेऊन मागे बसले. आर्तू ओरडत होता, "अरे गाढवा, मागे बघ, मागे..." आणि हसत होता. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा हसत होता. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

टक्...

बाल्कनीच्या दारावर.

टक्... टक्...

जोरात नाही. भिडस्त पाहुणा वाजवतो तसं. घर चौथ्या मजल्यावर आहे.

मी दाराकडे पाहिलं. खाली, बसलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे काच धुरकट होत होती... निवळत होती... परत धुरकट होत होती. बाहेरून.

आर्तूने हेडफोन काढले. ऐन सामन्यात.

"उठू नकोस," मी म्हणाले.

"ताई, तो गारठलाय."

"कोण तो? आर्तू, बस खाली."

हेडफोनमधून पोरांचे बारीक आवाज येत होते. "आर्तू? कुठे मेलास? आर्तू..."

त्याने वायरी उपटल्या. डबा उचलला, दार उघडलं, बाहेर नेऊन होता तिथे ठेवला आणि चालू केला. अंगात नुसता टीशर्ट.

टकटक थांबली.

त्या चौघांनी त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

जाताना मी खालच्या मजल्यावरच्या तेल्लेर्वो आजींचं दार वाजवलं. इमारत बांधली तेव्हापासून त्या इथे राहतात. "आर्तूच्या घरात आधी कुणी वारलं होतं का हो?" असं विचारलं.

"नाही गं पोरी. ह्या इमारतीत कुणीच गेलेलं नाही. जे गेले ते दवाखान्यात."

त्या हो म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. निदान कोण आहे ते तरी कळलं असतं.

आता मे महिना चालू आहे. नदीवरचा बर्फ कधीच वाहून गेला. मागच्या रविवारी आर्तूकडे गेले. मशीन आत कोपऱ्यात होतं, चालू. स्क्रीनला जोडलेलंही नव्हतं. हीटर पूर्ण सोडलेला, खोलीत भट्टी पेटल्यासारखं. आर्तू मात्र मजेत होता. भरभरून बोलला, माझी टिंगलही केली. कॉफीचा कप देताना त्याचा हात लागला...

बर्फ.

"तुला थंडी वाजतेय का रे?"

"मला? नाही."

ती पोरं परत बोलावतात का, विचारलं. म्हणाला, आता कशाला हवीत?

मला राहवलं नाही. "आर्तू, माझ्याकडे राहायला ये. असा एकटा राहू नकोस."

तो छान हसला. अगदी लहानपणी हसायचा तसा.

"येतो की. पण तुझ्याकडे दोघांना जागा आहे ना?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही. दुसरा कोण, तेही विचारलं नाही. नाही म्हटलं असतं तर तो तिथेच राहिला असता, आणि मला भाऊ एकच आहे.

हो म्हणाले.

शुक्रवारी येतायत.