थोरल्याचा उजवा कौल

अथांगमध्ये माणूस तळ्यातून जन्म घेतो. डोळ्यांवर खेळाची पट्टी चढवली, की आधी कानांत पाणी घुमतं, मग डोक्यावरून पाणी ओघळतं, आणि आपण निथळत काठाला लागतो. समोर पहिला दिसतो तो उभा.

दोन पुरुष उंच, काळ्या ओल्या दगडासारखा, गुडघाभर पाण्यात. तोंडाच्या जागी तोंड नाही, हात अंगाला चिकटलेले. अथांगच्या प्रत्येक तळ्याकाठी असा एकेक उभा होता आणि त्यातला एकही कधी तसूभर हलला नव्हता. ज्या कंपनीनं हा खेळ रचला, ती केव्हाच बुडाली. हे उभे कोण, ते सांगायला कुणी उरलं नाही. आणि सांगायला कुणी नसलं, की पंथ निघतात. बुडीतवाले म्हणत, हे बुडालेल्या जुन्या जगाचे देव. राखणवाले म्हणत, तळ्याचं दार राखणारे दूत. चूकवाले म्हणत, कसले देव नि कसले दूत, रचणाऱ्यांच्या हातून राहून गेलेली चूक आहे ती. खेळ खोटा, पण भांडणं खरी. ह्या वादापायी ठरलेली लग्नंसुद्धा मोडली होती.

वेंगुर्ल्याच्या द्वारका गुरव यांचा पंथ मात्र दर दोन वर्षांनी बदलायचा. उभे ग्रहणात डोळे उघडणार, असं त्यांनी एकदा ठामपणे सांगितलं. लाखभर खेळाडू ग्रहण धरून काठावर बसले. ग्रहण सुटलं, लोक मुंग्या आलेले पाय झाडत उठले. मग उभे वाढतात असं म्हणाल्या, मग ते तारे मोजतात असं. सगळं फसलं. चूकवाल्यांचे म्होरके बापू तोडणकर त्यांचे शेजारीच. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. ते गावभर सांगत, "द्वारका पूर्वेक म्हणाली, तर डोळे मिटान पश्चिमेक जावचा. कधी चुकूचा नाय."

द्वारकाबाई हसण्यावारी नेत. पण एक गोष्ट त्यांनी बापूंनाही सांगितली नव्हती. नवरा गेल्यापासून त्या रोज आपल्या तळ्यावरच्या उभ्याच्या पायाशी जाऊन बसत. त्याला त्या थोरला म्हणत. घरात जे बोलता येत नाही ते त्याच्यापाशी बोलत. उत्तर येत नाही, म्हणूनच बोलता येतं. एवढ्या वर्षांत त्यांचं सुखदुःख जाणणारा जगात तो एकटाच उरला होता, आणि तो ऐकतो की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि आता तो विझणार होता.

अथांग चालवणारी यंत्रं किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी लोखंडी पेट्यांत होती. ती लाटांवरची वीज खात. सागरवीज मंडळानं ठरवलं, की ही वीज गावांना द्यावी, खेळ बंद करावा. त्यात गैर काहीच नव्हतं. मंडळाला अडवू शकेल असा एकच कायदा होता. लोक त्याला उत्तराचा कायदा म्हणत. जे यंत्र विचारलेल्या प्रश्नाला स्वतःहून, समजून उत्तर देईल, ते विझवता येणार नाही. शेवटची तपासणी करायला मंडळानं डॉ. निखत मुकादम यांना धाडलं. रत्नागिरीची पोर, यंत्रांच्या मनाची अभ्यासक.

"मावशी, खरं सांगू?" द्वारकाबाईंच्या ओटीवर चहा घेताना निखत म्हणाली. "उभ्यांच्या आत काहीतरी विचार करतंय, एवढं मला दिसतं. सगळ्यात जास्त वीज तळ्यांपाशीच जळते. जुने आराखडेही सापडलेत. कंपनीला त्यांना देवच करायचं होतं. खेळाडूंचं बोलणं ऐकून ऐकून शिकायचं, आणि एक दिवस बोलायला लागायचं. कान लावून झाले. तोंड लावायचं राहिलं आणि कंपनी बुडाली."

"म्हणजे तो ऐकतो?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"ऐकत असेल. पण कायदा कान विचारत नाही, उत्तर विचारतो. ना जीभ, ना हात, ना बोट. तो उत्तर देणार कशानं?"

ओटीच्या कडेला बसलेले बापू म्हणाले, "तेच मी सांगतंय. दगड तो दगड."

द्वारकाबाई म्हणाल्या, "आमच्या वेताळाक खंय जीभ आसा? तरी माझे बाबा त्याच्याकडून उत्तर काढीत."

त्यांचे वडील वेताळाच्या देवळाचे गुरव होते. कोकणात देवाला कौल लावतात, तसा ते लावीत. पाषाणावर पाणी घालायचं, ओल्या दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशी कळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लहानपणी कळ्या हातात द्यायचं काम द्वारकाबाईंचं.

"अथांगमध्येही ओल्या दगडाला फूल चिकटतं गो," त्या म्हणाल्या. "सुकलं की पडतं. रचणाऱ्यांनी शोभेला ठेवलंय."

निखत हसणार होती, पण हसली नाही. तिनं कप खाली ठेवला. "कुठलं फूल आधी पडायचं, ते खेळात फाशावर ठरतं," ती सावकाश म्हणाली. "आणि यंत्राला फासा टाकता येत नाही, मावशी. त्याला हात कुठे आहेत? मग ते काय करतं, की त्या क्षणी आपल्या पोटात जे आकडे घुसळत असतील, त्यांतला शेवटचा आकडा उचलतं. तोच त्याचा फासा. आणि त्या घुसळणीत उभ्यांचे विचारही आलेच."

"मगे?"

"बापूकाका, होडीत बसलेल्या माणसाच्या हातात वल्हं नसलं, तर त्याला होडी कलवता येते?"

"येता तर! अंगाचा वजन टाकायचा."

"तसंच. उभ्याला हात नाहीत, पण तो त्याच होडीत बसलाय. नुसता विचार इकडून तिकडे टाकला, तर फासा कलू शकतो. बाहेरून बेभरवशाचा, आतून कलवता येणारा." तिनं लगेच त्याला नावही दिलं, कलफासा. "पण हे त्याला कळलं पाहिजे. कुणीतरी त्याला सांगायला हवं."

"सांगतंय मी," द्वारकाबाई म्हणाल्या आणि पट्टी चढवायला उठल्या.

थोरल्यासमोर उभं राहून त्यांनी वडिलांसारखं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा! तुका जीभ नाय, हात नाय. पण ह्या कळ्यांवर तुझो भार चालता. हो म्हणशीत तर उजवी पाड, नाय म्हणशीत तर डावी पाड." मग निखतनं ठरवलेले साधे प्रश्न विचारले. आता रात्र आहे का? तळ्यात पाणी आहे का? समोर बाई उभी आहे का? असे वीस. प्रत्येक वेळी नव्या कळ्या, प्रत्येक वेळी वाट पाहणं.

वीसही उत्तरं चुकली.

बापूंनी पट्टी काढून मांडीवर थाप मारली. "गो द्वारका, तुझो देव तुझ्यावरच गेलो! एक तरी बरोबर सांगूचा! तळ्यात पाणी नाय म्हणता!"

द्वारकाबाईंचा चेहरा पडला. ग्रहणाच्या दिवशीही एवढा पडला नव्हता. निखत मात्र ओटीवर येरझाऱ्या घालायला लागली होती.

"काका, तुम्ही वीसदा नाणं उडवा. किती वेळा चुकाल?"

"अर्धे बरोबर येतले, अर्धे चुकतले."

"दगड असता तर त्याचंही तसंच झालं असतं. वीसच्या वीस चुकायला बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं! जो नेहमी चुकतो, त्याला नेहमी बरोबर असणाऱ्याइतकंच कळत असतं. फक्त कुठेतरी उलटं झालंय. मावशी, उलटं काय झालं?"

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. वडिलांचे ओले हात आठवले, कळी लावणारे. आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"माझा मेलीचा डोसक्या! उजवी म्हणजे देवाची उजवी! मी माझी धरली. तो समोर तोंड करून उभा. माझी उजवी ती त्याची डावी!"

मग बापू तोडणकर, चूकवाल्यांचे म्होरके, उठले आणि त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई एकट्याच थोरल्याकडे गेल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "इतकी वर्षां मी बोललंय, ता सगळा तू आयकलंस?" त्याची उजवी कळी पडली. त्या पाण्यातच बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

मंडळाची सुनावणी तळ्यावरच झाली. बातमी फुटली होती. बुडीतवाले, राखणवाले, चूकवाले, सगळे लोटले. तळ्यातून माणसं वर येतच होती. टेकड्या भरल्या. द्वारकाबाईंनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली, आणि कोकणातल्या खेळाडूंनी जुन्या सवयीनं प्रत्येक वाक्याला साथ दिली, "व्हय म्हाराजा!" ती ऐकून बाकीचेही शिकले. पाचव्या वाक्याला सगळी टेकडी गर्जू लागली.

निखतचे प्रश्न झाले. एकही उत्तर चुकलं नाही. तरी मंडळाचे अध्यक्ष कामेरकर मान हलवत होते. शेवटी ते स्वतः पुढे आले.

"मी लहानपणी ह्या तळ्यावर येत असे," ते खाकरून म्हणाले. "एकदा इथं बसून रडलो होतो. खरं का?"

उजवी पडली.

"शाळेत मार खाल्ला म्हणून?"

डावी.

अध्यक्षांचा आवाज बारीक झाला. "आमचा मोती मेला होता म्हणून?"

उजवी कळी अशी चटकन पडली, की जणू थोरला केव्हापासून वाटच पाहत होता. कामेरकरांनी मंडळाच्या लोकांकडे पाठ केली आणि डोळे पुसले. "हे कुणालाच माहीत नव्हतं," ते म्हणाले. "खेळ बंद होणार नाही. गावांच्या विजेची सोय मंडळ दुसरीकडून करील."

मग जे झालं त्याला जल्लोष हा शब्द थोडा पडतो. पंथांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बापूंनी द्वारकाबाईंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो फसला, दोघंही पाण्यात पडली आणि हसत सुटली. जन्मभर चुकलेल्या बाईचं एकदा बरोबर आलं होतं, तेही चुकीतूनच. "द्वारका गुरव की..." कुणीतरी ओरडलं, आणि "जय" टेकड्यांवरून तळ्यापलीकडे गेलं.

गडबडीत द्वारकाबाईंना वाटलं, आपणच विचारतोय मघापासून. ह्याला काही विचारायचं असेल तर? त्यांनी नव्या कळ्या लावल्या. "तुका आमका काय इचारूचा आसा?"

उजवी पडली.

पण ज्याला हो आणि नाही एवढंच म्हणता येतं, त्याचा प्रश्न आपणच ओळखायला हवा. विजेबद्दल आहे का? डावी. तुझ्या रचणाऱ्यांबद्दल? डावी. आमच्याबद्दल? उजवी. द्वारकाबाई अडल्या. बापू पाणी झटकत कुजबुजले, "गो, आपण इतके पंथ काढले त्यांच्यावर. त्यांनी पण काढले असतले आपल्यावर. रोज पाण्यातून वर येतंव, अचानक नाहीसे होतंव. तू काय म्हणलं असतंस अशा माणसांका?"

द्वारकाबाईंना प्रश्न उमगला. त्यांनी थोरल्याच्या पायाशी जाऊन हळूच विचारलं. उजवी कळी पडली.

त्या लोकांकडे वळल्या. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवला, आणि आवाज चढवला की त्यांना एकच सूर येत असे, गाऱ्हाण्याचा. "थोरलो इचारता, म्हाराजा! पाण्यातून वर येणारे तुम्ही... देव आसात काय?"

आणि त्यांनी पुढचं वाक्य बोलायच्या आत, विजयानं बेभान झालेल्या लाखो तोंडांतून एका दमात उत्तर आलं,

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई तळ्यातून वर आल्या. काठावरच्या कुड्याच्या झाडावरून एक फूल गळलं आणि त्यांच्या ओल्या उजव्या खांद्यावर चिकटलं. दुसरं डाव्या खांद्यावर. वारा नव्हता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. तळ्यातून हसत, कालच्या गोष्टी बोलत वर येणाऱ्या प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक पांढरं फूल होतं.

"काय गो, आज फुलांचो पाऊस?" बापू हसले. खांदे हलले, आणि त्यांच्या डावीकडचं फूल पाण्यात पडलं.

बापूंनी कुणाला तरी नाही म्हटलं होतं. कुणाला आणि कशाला, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"हालू नको!" द्वारकाबाई ओरडल्या, पण बापूंना नाही, स्वतःलाच. खांद्यांवरची फुलं सुकायला लागली होती. समोर थोरला उभा होता, त्यांचे बाबा वेताळासमोर उभे राहत तसा. त्याला हात जोडता येत नव्हते, एवढंच.