वळणाचा लाकडी पडदा

दोरी सुटली, आणि गुंडाळी करून ठेवलेला लवचीक प्लाय फटकन उलगडून माझ्या खांद्यावर आदळला.

"सांभाळा हं!" सुतार म्हणाला.

"हे आधी सांगायचं असतं..."

तो हसला. गालावर भुसा, आणि त्यात खळी! मी कशाला आले होते, तेच विसरले.

आले होते अप्पांसाठी. माझे वडील प्रार्थनागृहात गाऊन प्रवचन करतात. ऐकताना आजही माझे डोळे भरून येतात. पण वयामुळे त्यांचा आवाज हल्ली तिसऱ्या रांगेतच बसतो. पाठीमागे वळणाचा लाकडी पडदा उभा केला, तर आवाज त्यावर आपटून पुढं जाईल म्हणे.

"एकच तक्ता वाकवला, तर सोडल्याबरोबर पुन्हा सरळ," साच्यावर प्लाय ओढत सुतार सांगत होता. "दोन एकमेकांना चिकटवले, की वळण धरून ठेवतात." मी दुसरं टोक धरलं. सरसानं चिकट झालेली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... कुणीच लगेच काढली नाहीत.

मान खाली घालून त्यानं विचारलं, "एकट्यानंच उभं राहायचं... की कुणाचा आधार चालेल?"

"छे! आधार मुळीच नको," मी ठसक्यात म्हणाले. खांब-बिंब अप्पांच्या पायात येतात.

"बरं," एवढंच म्हणाला, आणि पुन्हा प्लाय ओढू लागला.

पुढचे चार दिवस नुसतं "या", "बसा", "वाळतंय". देवा, माझं चुकलं तरी काय? रोज मनात उजळणी केली. काही म्हणजे काही सापडेना.

पाचव्या दिवशी पडदा प्रार्थनागृहात आला. कशालाही न टेकता, आपल्या वळणावरच उभा राहिला. अप्पा शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "बोल गं काहीतरी, ऐकू येतं का पाहू."

बोलू काय? सुतार हत्यारं पिशवीत भरत होता. आता गेला, की पुन्हा भेटायला निमित्त नाही...

पडद्याच्या कुशीत उभी राहून मी हळूच विचारलं, "रागावलात का माझ्यावर?"

"राग कसला? तुम्हीच म्हणालात, आधार नको."

"अहो, ते पडद्याचं!"

तो थबकला. "मी... तुमचं विचारत होतो."

"अय्या! मग नीट विचारायचं ना—"

"विचारतो. चालेल माझा आधार?"

मी अगदी ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "चालेल काय... हवाच आहे."

आणि शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "पडदा पास! शब्द न् शब्द पोचला. सुतारबुवा, पिशवी ठेवा खाली!"